झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के: स्क्रीनवर कचरा दिसत असेल तर बिघाड कसा शोधायचा

झेडएक्स स्पेक्ट्रम म्हणजे टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर. बंद पडलेला स्पेक्ट्रम हातात आला की नवखे लोक सहसा दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर "यूएलए गेला" (यूएलए म्हणजे चित्र तयार करणारी मुख्य चिप) असं जाहीर करून मशीन माळ्यावर टाकतात, नाहीतर सोल्डरिंग आयर्न तापवून समोर दिसेल ती चिप उपसायला घेतात. दोन्हींची गरज नसते. या मशीनमध्ये स्क्रीनवर जे दिसतं ते मेमरीतल्या एका ठराविक तुकड्यातून सरळ उचललेलं असतं, आणि सुरू होताना त्या तुकड्यात काय लिहिलं जातं हेही ठरलेलं असतं. त्यामुळे स्क्रीनवरचा कचरासुद्धा वाचता येतो. बराचसा बिघाड झाकण न उघडताच कळतो.

हे सगळं १९८२ साली केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने काढलेल्या, रबरी बटणांच्या ४८के मॉडेलबद्दल आहे. स्पेक्ट्रम प्लसचा बोर्ड आतून तोच, म्हणून त्यालाही हे लागू पडतं. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवान्याखाली 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' आणला होता. तो कुणाच्या घरी जुन्या सामानात सापडला तर त्यालाही हीच पद्धत वापरा. १२८के मॉडेलांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी हा लेख नाही.

## १. आधी सामान जमवा

- डिजिटल मल्टिमीटर. महागडा नको, पण टोकं अणकुचीदार हवीत.
- मोबाइल, स्लो मोशन व्हिडिओ काढू शकणारा. हा विनोद नाही, पुढे कळेल.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश.
- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर.
- तापमान कमीजास्त करता येणारं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स, डिसोल्डरिंग विक, बारीक कटर.
- १६ पायांचे आयसी सॉकेट.
- तुमच्या बोर्डाच्या 'इश्यू'चा (आवृत्तीचा) सर्किट डायग्राम. इश्यू नंबर बोर्डावरच छापलेला असतो, आणि सुटे भाग इश्यूप्रमाणे बदलतात.
- असल्यास लॉजिक प्रोब किंवा ऑसिलोस्कोप. नसल्यास अडून राहत नाही.

सॉकेट, ७८०५ रेग्युलेटर, कपॅसिटर, विक वगैरे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळून जातं. ४११६ रॅम (या मशीनची मेमरी चिप) मात्र दुकानात सहज मिळेल अशी आशा ठेवू नका, ती ऑनलाइनच शोधावी लागते. तिथेही जुन्या चिपांवर नवा छाप मारून विकणारे आहेत. म्हणून नेहमी दोनचार जास्तीच्या मागवा.

## २. टीव्ही निर्दोष आहे हे सिद्ध करा

स्पेक्ट्रमचा मूळ आउटपुट म्हणजे यूएचएफ चॅनल ३६ वरचा पाल (रंगीत टीव्हीची एक पद्धत) सिग्नल. नवीन टीव्हीत अॅनालॉग ट्यूनर असतोच असं नाही. तो नसेल तर मशीन ठणठणीत असूनही तुम्हाला "नो सिग्नल" एवढंच दिसणार. सेटिंगमध्ये अॅनालॉग चॅनल शोधायची सोय आहे का ते आधी बघा. आपल्याकडचा पाल आणि ब्रिटनचा पाल यांत आवाजाच्या कॅरिअरचा फरक आहे, पण ४८केचा आवाज टीव्हीतून येतच नाही, मशीनच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधून येतो. त्यामुळे इथल्या अॅनालॉग ट्यूनरवर चित्र नीट लागतं.

हाती आलेल्या मशीनमध्ये आधीच्या मालकाने 'कॉम्पोझिट बदल' करून ठेवलेला असू शकतो, म्हणजे मॉड्युलेटर (चित्र टीव्ही चॅनलवर बसवणारी डबी) वगळून सिग्नल थेट बाहेर काढलेला. तसं असेल तर चॅनल शोधत बसू नका, पिवळ्या एव्ही सॉकेटला जोडा. तरीही काही एलसीडी टीव्ही नखरे करतात, कारण स्पेक्ट्रम ३१२ ओळींचं, इंटरलेस नसलेलं चित्र पाठवतो. जुना डबा टीव्ही मिळाला तर उत्तम. फक्त त्याचं मागचं झाकण काढू नका, बंद टीव्हीतही जीवघेणं व्होल्टेज साठून राहतं.

आणि दोन गोष्टी बिघाड समजू नका. रंगीत अक्षरांच्या कडा किंचित सरपटताना दिसणं आणि ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनात दोनच रंग मावणं हा या मशीनचा स्वभावच आहे.

## ३. अडॅप्टर: सगळ्यात घातक जागा

मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर. त्याच्या पिनच्या मधोमध निगेटिव्ह असतं आणि बाहेर पॉझिटिव्ह. बाजारातले बहुतेक अडॅप्टर बरोबर उलटे. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर पिन बसते म्हणून खुपसला की थेट बोर्डावर बेततं. जोडण्याआधी मीटरने ध्रुव बघा, वर छापलेल्या चित्रावर भरवसा ठेवू नका.

जुना सिंक्लेअर अडॅप्टर मोकळा मोजला तर ९ ऐवजी १२-१३ व्होल्टही दाखवतो. घाबरू नका, तो रेग्युलेटेड नाही. लोड आला की उतरतो.

दुसरा सापळा मागच्या एज कनेक्टरचा, म्हणजे बोर्डाच्या कडेवरच्या उघड्या पट्ट्यांचा. जॉयस्टिक इंटरफेस किंवा दुसरं काहीही मशीन चालू असताना लावू किंवा काढू नका. किंचित तिरकं झालं तरी शेजारच्या पट्ट्या चिकटतात, आणि व्होल्टेज बनवणारा ट्रान्झिस्टर किंवा झेड८० प्रोसेसर जातो. तपासणीच्या काळात मागे काहीही लावलेलं नको (पायरी ८ मधलं डायग्नोस्टिक कार्ड सोडून).

## ४. निरोगी मशीन कसं सुरू होतं ते डोळ्यांत साठवा

रॉममधला प्रोग्राम पहिल्या काही सूचनांमध्येच बॉर्डर (चित्राभोवतीची चौकट) पांढरी करतो. मग मेमरीच्या वरच्या टोकापासून खाली येत प्रत्येक बाइटमध्ये २ हा आकडा लिहितो. शेवटी तो स्क्रीनच्या मेमरीत पोचतो आणि क्षणभर काळ्या पडद्यावर बारीक लाल उभ्या रेघा चमकतात. मग खालून वर तपासणी: प्रत्येक बाइटमधून दोनदा १ वजा करून शून्य येतं का ते पाहिलं जातं. स्क्रीनची मेमरी खालच्या टोकाला असल्यामुळे रेघा लगेच पुसल्या जातात आणि पडदा साधारण सेकंदभर काळा राहतो. त्यानंतर पांढरा पडदा आणि तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ.

हे सगळं दीडदोन सेकंदांत उरकतं. म्हणून मोबाइल टीव्हीसमोर टेकवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा आणि फ्रेम पुढेमागे करत बघा. डोळ्यांना जो नुसता झपकारा वाटतो त्यात अर्धं निदान असतं.

## ५. आता तुमचा पडदा वाचा

काहीच नाही, टीव्हीवर नुसती खरखर: वीज, मॉड्युलेटर किंवा यूएलए. पायरी ६ वर जा.

बॉर्डर भलत्याच रंगाची, मध्ये उभ्या पट्ट्या किंवा चौकड्या, काहीही हलत नाही: सिग्नल तयार होतोय, म्हणजे यूएलए जिवंत आहे. रॅममध्ये मात्र चालू होतानाचाच कचरा पडून आहे, कारण प्रोसेसरने काही केलेलंच नाही. पायरी ७.

बॉर्डर पांढरी, मध्ये गोंधळ: ही चांगली बातमी. प्रोसेसरने रॉम वाचली, बॉर्डरचा हुकूम सोडला आणि पुढे कुठेतरी अडखळला. संशय खालच्या रॅमवर, म्हणजे स्क्रीनची मेमरी जिच्यात आहे त्या पहिल्या १६केवर. पायरी ८.

सगळं बरोबर, फक्त कृष्णधवल: कॉम्प्युटर म्हणून मशीन ठीक आहे. पायरी ९.

## ६. झाकण उघडा, व्होल्टेज मोजा

खालचे पाच स्क्रू काढा. वरचं झाकण झटक्यात उचलू नका. कीबोर्डच्या दोन पातळ फिती बोर्डावरच्या सॉकेटमध्ये घुसलेल्या असतात. चाळीसेक वर्षांत त्या पापडासारख्या झालेल्या असतात. झाकण थोडं तिरपं करून फिती सरळ वर ओढून काढा. कीबोर्ड नसला तरी मशीन सुरू होतं, त्यामुळे तपासणी संपेपर्यंत झाकण बाजूलाच ठेवा.

मशीन बंद असताना आधी ७८०५ च्या आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत शॉर्ट आहे का बघा. मीटर बीप वाजवत राहिला तर वीज देऊ नका.

आता व्होल्टेज. खालच्या रॅमच्या आठ चिपा (आयसी ६ ते आयसी १३, सगळ्या ४११६) तीन व्होल्टेजवर चालतात. कोणत्याही एका चिपवर मोजा:

- पिन १: उणे ५ व्होल्ट
- पिन ८: १२ व्होल्ट
- पिन ९: ५ व्होल्ट
- पिन १६: ग्राउंड

पिन ८ आणि ९ शेजारी नाहीत, चिपच्या एकाच टोकाला समोरासमोर आहेत, हे नशीब. पण ७ आणि ८ मध्ये मीटरचं टोक घसरलं की १२ व्होल्ट अॅड्रेस लाइनवर जातात. एक टोक ग्राउंडला क्लिपने अडकवा आणि दुसरं एका हाताने नेमकं टेकवा.

दहा टक्के इकडेतिकडे चालतं. ५ व्होल्टवर जरा कडक राहा, ४.७५ च्या खाली नको. तेच नसेल तर ७८०५, सॉकेट किंवा अडॅप्टर. ५ आहेत पण १२ आणि उणे ५ नाहीत, तर टीआर४ हा ट्रान्झिस्टर आणि त्याच्या शेजारची तारेची गुंडाळी. या मशीनमधला हा सगळ्यात ठरलेला बिघाड आहे, माझ्या मते यूएलएच्या कितीतरी आधी इथे बघायला हवं. टीआर४, टीआर५ आणि ती कॉइल मिळून १२ व्होल्ट तयार करतात आणि त्यातूनच उणे ५ ही निघतं.

टीआर४ बदलून मशीन लगेच चालू करायचा मोह आवरा. तो बहुतेकदा स्वतःहून मरत नाही, एखादी शॉर्ट झालेली ४११६ त्याला मारते. १२ व्होल्टची लाइन ग्राउंडशी शॉर्ट आहे का आधी तपासा, नाहीतर नवाही जाईल. टीआर५ सुद्धा त्याच बैठकीत तपासून घ्या.

आणि हे अधोरेखित करून ठेवा: १२ व्होल्ट आहेत पण उणे ५ गायब, अशा अवस्थेत मशीन चालू ठेवू नका. ४११६ ला ते सोसत नाही. "बघू काय होतंय" म्हणून पाच मिनिटं चालू ठेवली तर एका बिघाडाचे नऊ होतात.

## ७. प्रोसेसर चालतोय का?

झेड८० च्या पिन ११ वर ५ व्होल्ट, पिन २९ ग्राउंड. पिन २६ रीसेट: सुरू केल्यावर क्षणात ५ च्या आसपास स्थिरावला पाहिजे. पिन ६ क्लॉक, ३.५ मेगाहर्ट्झचा. ऑसिलोस्कोप नसेल तर मीटर डीसीवर लावा. क्लॉक चालू असेल तर मधलंच काहीतरी व्होल्टेज दाखवतो. नुसता ० किंवा ५ वर चिकटला असेल तर क्लॉक येत नाहीये. क्लॉक यूएलए बनवतो, १४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून. म्हणजे इथे क्लॉक मिळाला की यूएलए आणि क्रिस्टल दोघांवरचा मोठा संशय फिटला.

यूएलए सॉकेटमध्ये असतो. सपाट पट्टीने दोन्ही टोकांकडून आळीपाळीने हळूच उचला, पाय अल्कोहोलने पुसा आणि परत दाबून बसवा. गंजलेल्या सॉकेटमुळे "मेलेला" यूएलए यातून उठून बसल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तो गरम लागतो म्हणून त्याला दोष देऊ नका, फेरांटीची ती चिप चांगली असतानाही तापते.

झेड८० घेताना एक माहिती: झायलॉगने ४० पायांच्या झेड८० च्या ऑर्डर २०२४ मध्ये बंद केल्या. जुना साठा अजून मिळतो, पण फसवाफसवी वाढणार हे धरून चला.

## ८. खालची रॅम: रेघा काय सांगतात

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण खरी मजा इथेच आहे.

आठ चिपा म्हणजे आठ बिट. आयसी ६ बिट ०, आयसी ७ बिट १, असं करत आयसी १३ बिट ७. प्रत्येक चिप प्रत्येक बाइटचा एकच बिट सांभाळते. स्क्रीनच्या मेमरीत १६३८४ पासून ६१४४ बाइट पिक्सेलचे, त्यापुढचे ७६८ बाइट रंगांचे. रंगाच्या बाइटमध्ये बिट ०, १, २ अक्षराचा रंग, ३, ४, ५ पार्श्वभूमीचा, ६ चकाकी आणि ७ लुकलुक. म्हणून एक चिप गेली की ती पिक्सेलमध्ये आणि रंगात, दोन्हीकडे एकाच वेळी सही करून जाते.

सुरुवातीला सगळीकडे २ लिहिला जातो, म्हणजे फक्त बिट १ चालू: काळ्यावर लाल रेघ. चिप १ वर अडकली असेल तर तपासणी पहिल्याच बाइटला नापास होते, पुढे मशीन भरकटतं आणि तो नमुना पडद्यावर राहतो किंवा पुन्हापुन्हा चमकत राहतो:

- बिट ० अडकला (आयसी ६): लालऐवजी किरमिजी, दुप्पट जाड रेघा
- बिट २ (आयसी ८): पिवळ्या जाड रेघा
- बिट ३ (आयसी ९): निळी पार्श्वभूमी
- बिट ४ (आयसी १०): सगळंच लाल, रेघा दिसतच नाहीत
- बिट ५ (आयसी ११): हिरवी पार्श्वभूमी
- बिट ६ (आयसी १२): रेघा आहेत, पण लाल जास्त झळाळता आणि जोडीला दुसरी रेघ
- बिट ७ (आयसी १३): सगळं लुकलुकतंय

बिट १ (आयसी ७) शून्यावर अडकला तर रेघाच नाहीत, नुसता काळा पडदा. नेहमीच्या बारीक लाल रेघा आल्या पण पुसल्याच गेल्या नाहीत, तर आयसी ६ किंवा ७.

आता सापळा. रॉमची तपासणी २ वरून १ आणि १ वरून ० एवढाच प्रवास करते, म्हणजे खरी परीक्षा फक्त बिट ० आणि १ यांची होते. बिट २ ते ७ पैकी कुठलाही शून्यावर अडकला तर ही तपासणी खुशाल पास होते, रेघा पुसल्या जातात आणि मशीन नंतर कोसळतं. ते पडदा पुसण्यापर्यंत पोचलंच, तर पांढऱ्याऐवजी भलता रंग दिसतो: पिवळा असेल तर बिट ३, आकाशी असेल तर बिट ४, किरमिजी असेल तर बिट ५.

हे नमुने पूर्ण मेलेल्या चिपचे आहेत. अर्धवट बिघडलेली चिप पडद्याच्या काही पट्ट्यांतच गडबड करते. आणि एका बिटऐवजी सगळेच बिट गोंधळलेले दिसत असतील तर चिपा उपसू नका. आठही चिपा एकदम जात नाहीत. पुन्हा व्होल्टेज बघा, मग अॅड्रेस फिरवणाऱ्या आयसी ३ आणि आयसी ४ (७४एलएस१५७).

खात्रीसाठी दोन उपाय. बोटाने चाचपणी: एखादी ४११६ बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर ती गेली. दुसरा, संशयित चिपच्या डोक्यावर चांगली ४११६ पायाला पाय टेकवून बसवणं. चित्र सुधारलं तर सापडली. नाही सुधारलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण खालची चिप आउटपुट दाबून धरत असेल तर वरची हतबल असते. हे सगळं नको असेल तर एज कनेक्टरला लावायचं डायग्नोस्टिक रॉमचं कार्ड घ्या. ते स्वतःच बिट तपासून चिपचं नाव सांगतं. एकापेक्षा जास्त मशीनं दुरुस्त करायची असतील तर पैसे वसूल.

## ९. रंगच नाही

यूएलए उजेड आणि रंगफरकाचे सिग्नल देतो, एलएम१८८९ (आयसी १४) त्यांना ४.४३३६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या मदतीने रंगीत बनवतो. या चिपला १२ व्होल्ट लागतात, तेव्हा ते आधी मोजा. मग क्रिस्टल. जुन्या बोर्डांवर रंग जुळवण्याचे छोटे प्रीसेट असतात. ते फिरवण्याआधी मूळ जागेवर मार्करने खूण करा. रंग अधूनमधून येतजात असेल तर क्रिस्टलजवळचा ट्रिमर अगदी किंचित हलवून बघा, तेही प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने.

## १०. चिप काढताना

जुनी चिप वाचवायला जाऊ नका, बोर्ड वाचवा. पाय कटरने शरीरालगत कापा, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा, भोकं विकने साफ करा. या बोर्डाचे तांब्याचे पट्टे पातळ आहेत, जोर लावला की उखडतात. जागी सॉकेट लावा आणि खाचेची दिशा शेजारच्या चिपशी ताडून बघा. वीज देण्याआधी तिन्ही व्होल्टेजच्या शॉर्टची तपासणी पुन्हा करा.

मशीन सुरू झालं की कीबोर्ड जोडा आणि रॅम कुठवर आहे ते विचारणारी एक ओळ टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. (प्रिंट 'पी' वर आहे. पीकसाठी कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबून सोडा, मग 'ओ'.) उत्तर ६५५३५ आलं तर ४८के पूर्ण दिसतेय, पण वर सांगितलेल्या अर्धवट तपासणीमुळे हे प्रमाणपत्र अंतिम मानू नका, तासभर एखादा मोठा गेम चालवून बघा. ३२७६७ आलं तर मशीन १६केवर चालतंय आणि दोष वरच्या रॅममध्ये आहे, आयसी १५ ते आयसी २२. तिथे मुळात अर्ध्या बिघडलेल्या ६४के चिपा स्वस्तात घेऊन लावलेल्या आहेत, आठही चिपांचा तोच अर्धा भाग चांगला, आणि कुठला ते ठरवणारा वायरचा जंपर बोर्डावर असतो. तशीच जोडीची चिप हुडकत बसू नका. पूर्ण चांगली ४१६४ लावली की तिचे दोन्ही अर्धे चालतात, जंपरला हात लावावा लागत नाही.